दिवाणजी मरता कामा नये

दर रविवारी दुपारी चार मुलं आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसायची. ती गेली की टेबलावर चहाचे गोल डाग, खोडरबराचा भुगा आणि एखादा किस्सा मागे राहायचा. डाग सूनबाई पुसून टाकायची. किस्से कोण पुसणार? ते साचत गेले. मी फार बोलणारा माणूस नाही, पण आता इतके झालेत की थोडे सांगून टाकलेले बरे.

आधी मुलं कोण ते सांगतो. मुक्ता माझी नात, इंजिनिअरिंगला. संदेश नामपल्लीचा, त्याचे वडील नांदेडहून बँकेच्या नोकरीला आलेले. इम्रान मल्लेपल्लीचा, त्याचा आवाज हैदराबादेतल्या आमच्या गौलीगुड्यातून थेट बसस्टँडपर्यंत जातो. आणि श्रावणी सिकंदराबादची. तिचे आईवडील मूळ गुंटूरकडचे, आई सरकारी कचेरीत क्लार्क. श्रावणी मला तातय्या म्हणते. तेलुगूत आजोबांना तसं म्हणतात.

खेळ असा : बोर्ड नाही, सोंगट्या नाहीत. मुक्ता गोष्ट सांगणार, बाकीचे तिघे त्या गोष्टीतले शूर लोक होणार. तलवार लागली की हुकली हे वीस बाजूंचा एक फासा ठरवणार. गोष्टीत एक व्हिलन असतो. तो मेला की खेळ संपला.

मुक्ताची सगळी काळजी या शेवटच्या वाक्यात होती.

* * *

ते दिवस तेलुगू राज्याच्या वाटणीचे, एकाची दोन राज्यं होण्याचे. आज बंद, उद्या मोर्चा, परवा कॉलेजला सुट्टी. अशाच एका बंदला मुलं चालत आली. श्रावणीला सिकंदराबादहून यायला दोन तास लागले. घाम पुसायच्या आधी तिनं फासा मागितला!

खेळ रंगला आणि इम्रान खिडकीशी उभा राहून ओरडला, "पहले किला नक्को! सीधा राजधानी लेते!"

दोन मिनिटांत दारात कॉन्स्टेबल. हातात काठी.

"कौन बोला रे, राजधानी लेते बोलके?"

हैदराबाद कोणाचं, यावरून सगळं शहर पेटलेलं. मुक्तानं कागद दाखवले, नकाशा दाखवला, संदेशनं नियमांची झेरॉक्स पुढे केली. कॉन्स्टेबल खुर्चीवर बसला, पाणी प्याला, सगळं नीट ऐकून घेतलं. मग उठला आणि इम्रानला म्हणाला,

"लेना है तो जल्दी लेओ. मेरी ड्यूटी छे बजे तक है!"

तो गेल्यावर मी दाराची कडी लावली आणि खिडकीही ओढून घेतली.

* * *

मुक्ताचा पहिला व्हिलन अग्निदंड. तीन डोकी, सहा हात, तोंडातून ज्वाळा. पंधरा दिवस ती त्याच्यावर खपली होती. जेवताना मला विचारायची, "आजोबा, शेपूट देऊ का?" मी म्हणायचो, "दे बाळा, थंडीत उपयोगी पडेल."

रविवारी अग्निदंड गुहेतून बाहेर आला. संदेशनं फासा टाकला. वीस! म्हणजे घाव सगळ्यात वर्मी.

सूनबाईचा चहा उकळायच्या आत अग्निदंड खलास. शेपूट वापरायची वेळच आली नाही.

* * *

दुसरी व्हिलन राणी नीलांगी. ही तलवारीनं मरत नसे. मुक्ता खूश होती.

इम्राननं तलवार काढलीच नाही. हात जोडून म्हणाला, "आपा, आप बहुत थके हुए लगरे. कब से अकेले राज संभालरे?"

मग राणी रडायला लागली. खरं तर मुक्ताच रडत होती. त्या आठवड्यात तिची परीक्षा होती आणि घरात आम्ही कोणी तिला तसं विचारलं नव्हतं.

पाच मिनिटांनी नीलांगीनं राज्य सोडून दिलं आणि इम्रानच्या बहिणीच्या लग्नाला यायचं कबूल केलं!

* * *

तिसऱ्या वेळी मुक्तानं चूक सुधारायची म्हणून असा व्हिलन केला की त्याला काहीच लागत नसे. तलवार नाही, विष नाही, गोड बोलणं नाही. दगडच तो.

पहिला रविवार मुलं लढली. दुसऱ्या रविवारी संदेश तीन वेळा घड्याळाकडे बघताना मला दिसला. तिसऱ्या रविवारी त्यानं वही मिटली.

"मुक्ता, याला हरवता येतच नसेल तर आम्ही चहा पिऊन घरी जातो."

आणि खरंच गेले! चार वाजता घर सुनं. मुक्ता टेबलाशी बसून राहिली. मी शेजारी बसलो. ती म्हणाली, "व्हिलन लगेच मेला तर खेळ संपतो. मेलाच नाही तर ही येत नाहीत. आणि सरकारी नोकरही दोन राज्यांत वाटून देणार म्हणतात, श्रावणीच्या आईचं नाव कुठल्या यादीत जाईल कोण जाणे. इकडच्या की तिकडच्या. खेळ चालू असला तर ती येत राहील ना आजोबा?"

मला माझीच वाटणी आठवली. आमचं गाव देगलूरकडचं. मी कामासाठी या शहरात आलो, आणि छप्पन सालच्या पहिल्या वाटणीत गाव दुसऱ्या राज्यात गेलं. भाऊ भेटला तेव्हा म्हणाला, "तू परराज्यात गेलास."

मी म्हणालो, "मी तर स्टुलावरून हललोसुद्धा नाही!"

* * *

स्टूल म्हणजे माझी नोकरी. चौथीपर्यंत शिकलेल्याला आणखी काय मिळणार? एका कचेरीत साहेबांच्या दाराबाहेर मी सारी नोकरी काढली. त्या दिवशी मुक्ताला मी तिथल्या दोन साहेबांची गोष्ट सांगितली.

एक साहेब फायली फेकायचा, टेबल आपटायचा, आईबाप काढायचा. त्याला कोणी घाबरत नसे. लोक म्हणायचे, ओरडून झालं की सही करतो.

दुसरा साहेब हळू बोलायचा. आलेल्याला "बसा" म्हणायचा. "जेवलात का?" विचारायचा. काम होणार नाही असं कधी म्हणाला नाही. फक्त कागद घ्यायचा आणि ड्रॉवरमध्ये ठेवायचा. अर्ध्या शहराचा एकेक कागद त्या ड्रॉवरमध्ये. लोक बाहेर येऊन माझ्यासमोर त्याला शिव्या घालायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या तब्येतीची चौकशी करायचे.

एकदा त्याची बदली झाली. नवा साहेब ते कागद शोधणार कसा, नि शोधणार तरी कशाला? सगळे घाबरले.

बदली रद्द करा म्हणून ज्यांनी अर्ज दिला, ती सगळी शिव्या घालणारीच माणसं होती!

मुक्तानं वही उघडली. "पुन्हा सांगा, आजोबा. हळू."

* * *

असा आमचा दिवाणजी जन्मला. तलवार नाही, शिंगं नाहीत. बैठक, उशी आणि एक पेटी. राज्यातल्या प्रत्येकाचं काही ना काही त्या पेटीत अडकलेलं. इम्रानचा घोडा, संदेशच्या भावाचा आवाज, श्रावणीचा घरचा रस्ता. दिवाणजीला आधीच मारलं तर पेटी कायमची बंद. म्हणजे एकेक वस्तू सोडवत जायची आणि तोवर त्याला जपायचं!

दिवाणजीचं बोलणं मी बोलायचं असं ठरलं. मुक्ता म्हणाली, तुम्ही आहात तसंच बोला. मला वाईट बोलता येत नाही. मी आपलं म्हणालो, "या. बसा. जेवलात का?"

इम्राननं हातातलं बिस्कीट खाली ठेवलं.

"आजोबा, ये मत पूछो ना. डर लगरा!"

तीन शूर माणसं, एकेकाकडे दोन दोन तलवारी!

पुढे एकदा संदेश मधल्या वारी पुस्तक परत द्यायला आला. मी सवयीनं म्हणालो, "ये बाळा. बस. जेवलास का?" त्यानं पुस्तक उंबऱ्यावर ठेवलं आणि म्हणाला, "नको आजोबा, उभाच बरा आहे." पाणीसुद्धा घेतलं नाही!

* * *

दिवाणजी दीड वर्ष टिकला. मुलांनी एकही रविवार चुकवला नाही.

एकदा श्रावणीला न्यायला तिची आई आली. शांत बाई. खांद्यावरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसलेल्या. याद्या लागायच्या होत्या आणि कचेरीत रोज नवी अफवा. त्यांनी विचारलं, "ये दिवाणजी कौन है? घर में खाना खाते खाते भी उसकीच बात करती."

श्रावणीनं माझ्याकडे बोट दाखवलं. पेटीची गोष्ट सांगितली. बाई हसल्या, पण हसता हसता पर्सची चेन उघडझाक करत राहिल्या. निघताना दारात थांबल्या.

"दिवाणजी, पेटी में मेरा भी नाम देख लेते क्या?"

मी सगळ्या मुलांना घाबरवलं होतं. त्या बाईंसमोर माझीच मान खाली गेली.

पुढच्या महिन्यात यादी लागली. त्यांचं नाव तिकडच्या यादीत. कचेरी विजयवाड्याला, घरातलं सामानसुद्धा तिकडेच जाणार.

* * *

श्रावणीचा शेवटचा रविवार. तोपर्यंत घोडा सुटला होता, आवाज सुटला होता, आणि त्या दुपारी रस्ताही सुटला. पेटी रिकामी झाली. आता दिवाणजीला जपायचं काही कारण उरलं नव्हतं. मुलांनी ठरवलं, शेवटचा घाव श्रावणीचा.

"पंधराच्या वर पडलं की दिवाणजी संपला," मुक्ता म्हणाली. कोणी चहाला हात लावला नाही.

श्रावणीनं फासा ओंजळीत खूप वेळ हलवला. इम्रान म्हणाला, "अब फेको भी, यार." तिनं टाकला. फासा टेबलावरून घरंगळला, खाली पडला आणि माझ्या खुर्चीच्या पायाशी येऊन थांबला.

"किती, आजोबा?" मुक्तानं विचारलं.

मी वाकलो. चष्मा सावरला. वीस होते.

"दोन," मी म्हणालो.

संदेशचा माझ्यावर विश्वास बसला नाही. नियमांच्या झेरॉक्समधला स्वल्पविरामसुद्धा न सोडणारा मुलगा तो. एकदा फासा वहीला टेकून थांबला म्हणून त्यानं इम्रानशी तासभर भांडण केलं होतं. तो गुडघ्यांवर बसला. फाशाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. पुन्हा फाशाकडे.

"दोनच आहे," तो म्हणाला.

इम्रान टेबलाखालून डोकावला. "हौ. दो."

मुक्ता जागची उठली नाही. पेन्सिल हातात धरून ती श्रावणीकडे बघत होती.

श्रावणी खुर्ची मागे सारून आली. वाकली. फासा तिथंच होता, वरच्या बाजूला वीस. तिनं तो मुठीत उचलला आणि मूठ ओढणीत गुंडाळली.

"छे! हुकला!" ती माझ्यावरच ओरडली. "अब तो मेरेकू आनाच पडता, तातय्या!"