उलटा पिंजरा

लग्न होऊन सासरी आले तेव्हा बैलबंडीत माझ्या मांडीवर पिंजरा होता. माझं माहेर वरोऱ्याकडचं, कापसाच्या काळ्या मातीतलं. सासर सिंदेवाहीच्या बाजूला, धानाच्या बांध्या म्हणजे भाताची खाचरं आणि त्यांच्या मागे लगेच जंगल. उतरले तर दारातल्या बायांनी आधी माझ्याकडे पाहिलंच नाही, पिंजऱ्यातल्या राघूकडे पाहिलं.

"नवरी कोनती वो याच्यात?" एक जण म्हणाली.

"बोलीन ते राघू अन् नाई बोलीन ते नवरी," दुसरी म्हणाली. ते खरंच ठरलं. मी बोलत नसे. विचारलं तर हो किंवा नाही, तेही पदराआडून. घरात मला सगळ्या वरोरेवाली म्हणत. सकाळी राघूला भिजवलेली डाळ घालताना मात्र मी त्याच्याशी हळू आवाजात सगळं बोलून घेत असे, माहेरच्या विहिरीचं, आईचं. त्या घरात माझ्या बोलण्याची तेवढीच जागा होती.

माहेरचा पिंजरा तारेचा होता. वरोऱ्याच्या एका मुसलमान, पत्र्याचे डबे करणाऱ्या कारागिरानं रॉकेलच्या डब्याचा तळ कापून, त्यावर तार वळून केलेला. प्रवासात त्याचा गंजलेला तळ सुटला. मी तो सुतळीनं बांधला. आत्याबाईंनी म्हणजे माझ्या सासूबाईंनी ते पाहिलं.

"बांबूच्या मुलकात तारेचा पिंजरा काऊन?" त्या म्हणाल्या. "बुरडिणीले सांगतो."

आमच्या गावाच्या टोकाला एक बुरडीण राहत असे. सुपं, टोपल्या, धान ठेवायच्या मोठाल्या ढोल्या, सगळं तिच्या हातचं. मोबदल्यात तांदूळ नेई. तिनं चार दिवसांत पिंजरा आणून दिला. तसा पिंजरा मी आधी पाहिला नव्हता. खाली रुंद, वर घुमटासारखा, बाहेरून सगळ्या कामट्या, म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या, हिरव्या, गुळगुळीत, ऊन पडलं की चमकणाऱ्या. वर सरकणारं दार आणि त्याला बांबूचीच खुंटी. आत बसायला सोललेल्या बांबूची दांडी. ओसरीच्या आढ्याला तो टांगला तेव्हा आत्याबाई स्वतः मागे सरून पाहत उभ्या राहिल्या.

आठ दिवसांनी राघू बाहेर होता. मी पाणी भरून आले तर तो आढ्यावर बसलेला आणि शेजारचा बोका खाली, शेपटी हलवत. मी हंडा ठेवून बोक्याला हाकललं, राघूला हात पुढे केला, तो उतरला. तेवढ्यात आत्याबाई आल्या.

"दार उघडं राह्यलं तुह्यानं."

दाराला खुंटी होती. मी घातलेली. मला ते सांगायचं होतं, पण मी नुसती मान खाली घातली. मग राघूला आत सोडायला गेले तेव्हा पाहिलं, भिंतीच्या बाजूला दोन कामट्या कुरतडून मोडलेल्या होत्या. भिंतीकडे म्हणून कोणाला दिसल्या नव्हत्या. मी तिथं सुतळी विणली. सुतळी त्यानं दुसऱ्या दिवशी सोडवली. गाठ सोडवायला मला वेळ लागतो, त्याला नाही. मी फडक्याची चिंधी घट्ट बांधली, तर त्यानं चिंधीशेजारची कामटी कुरतडली.

मग रोवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली. सगळं घर बांधीत, मी नवी म्हणून घरी स्वयंपाकाला. एका दुपारी मी चुलीशी होते आणि ओसरीवर धडपड ऐकू आली. धावत गेले. राघू पिंजऱ्याच्या वर चढून ओरडत होता आणि बोक्याच्या तोंडात दोन लांब हिरवी पिसं होती. फक्त पिसं.

संध्याकाळी आत्याबाईंनी ती पिसं उचलून कोनाड्यात ठेवली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे पाह्य पोरी, रोज कोन राखन करीन याची? एक दिवस बोका खाईन अन् तू मंग चार दिवस जेवनार नाई. पोळा झाला का तुहा भाऊ येईन. त्याच्यासंग पाठवून दे."

मी मान हलवली. रात्री झोप लागली नाही, पण मी त्याला पाठवण्याचा विचार करत नव्हते. मी कामट्यांचा विचार करत होते. तारेचा पिंजरा त्याला कापता येत नव्हता हे समजतं. पण हा आत बसून बाहेर यायची जागा करतो, मग बाहेर आल्यावर पिंजऱ्यावर बसून तोच पिंजरा त्याला का कुरतडता येत नाही? त्या दिवशी तो वर बसला होता तेव्हा त्याची चोच मी पाहिली होती. हिरव्या कामटीवरून घसरत होती.

दुसऱ्या दिवशी तांदूळ पाखडता पाखडता मी त्याच्यावर नजर ठेवली. सूप हातात असलं की कोणी काही विचारत नाही. तो दांडीवरून सरकत कडेला जाई, मान वाकडी करी आणि कामटीची आतली बाजू चोचीत धरी. करकर आवाज. पांढरा भुसा खाली पडे. कामटीची आतली बाजू पांढरी आणि मऊ असते, बाहेरची हिरवी बाजू बांबूची कातडी असते. कामटी आतून पोखरून पातळ झाली की कातडी आपोआप तुटे.

मला खात्री करून घ्यायची होती. परसात जुन्या टोपलीचा तुकडा पडला होता. त्यातल्या दोन रुंद कामट्या सोडवल्या आणि एक हिरवी बाजू आत करून पिंजऱ्यात धरली. त्यानं चोच लावली, घसरली, परत लावली, परत घसरली. माझ्याकडे पाहिलं. मी दुसरी कामटी पांढरी बाजू आत करून अडकवली. स्वयंपाक होईपर्यंत तिची पांढरी बाजू पिंजलेल्या कापसासारखी झाली होती.

मग मी घरातल्या टोपल्या, सुपं, धानाची ढोली, सगळं निरखून पाहिलं. सगळीकडे कातडी बाहेर. ते बरोबरच होतं. टोपली बंडीला घासते, भिंतीला घासते, डोक्यावर घासते, सगळं घासणं बाहेरून. बुरडिणीनं पिंजरा टोपलीसारखा केला होता. पण पिंजऱ्याला जे घासणारं होतं, ते आत बसलेलं होतं.

हे कळलं, पण सांगायचं कसं? ती म्हातारी, हात आयुष्यभर बांबूत, आणि मी चौथी शिकलेली पोर, तिला पिंजरा शिकवणार. मी तीन दिवस घालवले. चौथ्या दिवशी ती सूप द्यायला आली. आत्याबाई बांधीवर होत्या. मी तिला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि काही न बोलता त्या दोन कामट्या तिच्यापुढे ठेवल्या. एक ओरखडे पडलेली, एक पिंजलेली.

तिनं पिंजलेलीवरून अंगठा फिरवला. "कोन छिललं हे?"

मी वर बोट केलं.

"माह्यापक्षा बारीक छिलते," ती म्हणाली. मग दुसरी कामटी उचलली, उलटी केली, सुलटी केली. पिंजऱ्याकडे पाहिलं. मला काही सांगावं लागेल असं वाटलं होतं, पण ती स्वतःच बोलली.

"म्हंजे उलटा पाह्यजे तुले."

"हो."

"चमक आत, पोट बाहेर."

"हो."

"अन् गावातले म्हनतीन, बुरडिणीले बांबू समजत नाई. डोळे गेले म्हातारीचे."

मी म्हणाले, "मी सांगीन, मीच उलटा करवला." त्या घरात परक्या माणसाशी मी बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य.

ती हसली. "तू सांगशीन? तुहा आवाज तं मले आत्ता ऐकू आला." तांदूळ पदरात बांधून ती गेली.

पाच दिवसांनी नवा पिंजरा आला. बाहेरून पांढुरका, कामट्यांची तोंडं दिसतात असा, गाठी सगळ्या बाहेर, कारण आतल्या गाठी राघूनं सोडवल्या असत्या. दांडी मात्र तिनं बसवली नव्हती. सोललेल्या बांबूवर त्याचे पाय घसरतात हे मी पाहिलं होतं, म्हणून ती मीच केली, परसातल्या जामाच्या फांदीची. आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात. साल तशीच ठेवली, दोन्ही टोकांना खाचा पाडल्या आणि कामट्यांच्या मध्ये अडकवली. हलवून पाहिली. हलली नाही.

आत्याबाईंनी पिंजरा पाहिला. "हा काय, आतला बाहेर आला?"

"मीच सांगितलं," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, पिंजऱ्याकडे नाही.

शेजारणींनी पुढं महिनाभर विचारलं की वरोऱ्याकडे लुगडं पण उलटं नेसतात का. बोका रोज येई, वर पाहून जाई. राघू आतच राहिला. पण दोन दिवस तो बोलला नाही. कडेला जाऊन चोच लावी, घसरे, परत दांडीवर येई, परत जाई. डाळ तशीच. मला वाटलं, मी त्याला सुरक्षित केलं की नुसतं बंद केलं? मग आठवलं, तो कुरतडलेल्या भोकातून बाहेर आला होता खरा, पण कधी उडून गेला नव्हता. आढ्यावर किंवा पिंजऱ्यावरच बसायचा. कदाचित त्याला बाहेर यायचंच नव्हतं. कदाचित त्याला फक्त कुरतडायचं होतं.

मी बुरडिणीच्या अंगणातून टाकाऊ तुकडे आणले, मऊ, पांढरे. एक दांडीशेजारी अडकवून ठेवला. त्यानं मान वाकडी केली, पाहिलं आणि कामाला लागला. संध्याकाळी, माहेरी माझ्या आईला हाक मारतात तशी हाक त्यानं मारली. मग रोज एक तुकडा. आत्याबाई पहाटे ओसरी झाडताना भुसा गोळा करत आणि बडबडत, "याले सुतार ठेवाले पाह्यजे होतं."

पोळा झाला, भाऊ मला माहेरी न्यायला आला. मी माझं गाठोडं बांधलं. पिंजऱ्याला धरायला फडकं गुंडाळून ठेवलं, कारण राघूला पाठवायचं ठरलं होतं. ते बदललं असं कोणी म्हणालं नव्हतं. भावानं पिंजरा आढ्यावरून काढला.

आत्याबाई दळणाजवळून उठल्या. "हा कुठी चालला?"

"तुमीच म्हनलं होतं ना, पाठवून दे म्हनून," भाऊ म्हणाला.

"वरोऱ्याले बांबू भेटते का?"

"इकडच्यासारखा नाई भेटत."

"मंग तिकडे खाईन काय हा? कापूस?" त्यांनी पिंजरा त्याच्या हातातून घेतला आणि आढ्याला टांगला. हलवून पाहिला, जसा मी पाहत असे तसा. "पंधरा दिवसांत परत घेऊन ये हिले. मी काई एवढं त्याच्याशी बोलत नाई."

वाटेत भावानं विचारलं, तो पिंजरा एवढा वाईट का केला. मी त्याला सगळं सांगितलं, कामटीचं, बोक्याचं, दांडीचं. तो म्हणाला, तू एवढी कधीपासून बोलायला लागलीस.

एक गोष्ट मला अजून कळली नाही. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं असतं तर राघू गेला असता की नाही. दार उघडं ठेवून पाहायला हवं होतं, पण तेवढं मला कधी जमलं नाही.