कागद काय म्हणतो?

मिस्त्री रोज सकाळी पेपर हातात घ्यायचे, पण त्यातली एकही बातमी त्यांना ठाऊक नसायची. गॅरेजात मुक्कामाला राहिलेल्या प्रत्येक गाडीखाली ते संध्याकाळी शिळा पेपर पसरायचे. सकाळी तो ओढून, उन्हाकडे धरून दोन्ही बाजूंनी निरखायचे. काळा डाग म्हणजे इंजिनाचं तेल, हिरवा म्हणजे रेडिएटरचं पाणी. गाडीचा मालक दारात येऊन ‘झाली का गाडी?’ विचारायचा आणि मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं असायचं.

“थांबा. कागद काय म्हनतोय ते बघू.”

कागद कोरा निघाल्याशिवाय गाडी हलायची नाही. मग मालकाच्या घरी लग्न असो की वावरात पेरणी.

शेवगावच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं शेड होतं. अर्ध्यात गॅरेज, अर्ध्यात त्यांच्या सुनेचं शिलाई मशीन, मधे पत्र्याचीच भिंत. तरुणपणी मिस्त्री ऊसतोडीला जायचे. वाटेत बंद पडलेले ट्रॅक्टर उघडून बघता बघता हा माणूस मिस्त्री झाला. तुमच्याही भागात असा एखादा असेल, ज्याच्यासाठी लोक शहरातलं चकचकीत दुकान सोडून धुळीत उभे राहतात. आमच्याकडे हे होते, आणि हे सांगताना माझी मान आजही ताठ होते.

माझा त्यांचा खरा संबंध आला तो रेड्यामुळे.

रेडा म्हणजे आमच्या दादाची गाडी. चार जाड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, आवाज घुमणारा. कागदोपत्री ती एटीव्ही, पण वस्तीवर सगळे तिला रेडाच म्हणत. मळणी यंत्रात माझ्या थोरल्या भावाचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. डाळिंबाची बाग त्याने झाडागणिक वाढवलेली, आणि आता तो ओट्यावर बसून लांबून तिच्याकडे बघत राही. ते बघवेना. धरणाकाठचं एक सहलीचं ठिकाण बंद पडलं, तिथली ही जुनी गाडी मी आणली. गिअर नाही, ब्रेक हातात. दादा पहिल्या दिवशी तिच्यावर बसून बागेच्या शेवटच्या ओळीपर्यंत गेला आणि प्रत्येक झाडापाशी थांबत परत आला. वहिनींनी त्या दिवशी पुरण घातलं.

दोन वर्षं रेडा छान चालला. मग इंजिनाच्या कडेला जो पाण्याचा पंप असतो, त्याच्या खालून हिरवे थेंब गळायला लागले. मी वाकून पाहिलं तर पंपाला तांदळाएवढं भोक. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. भोकातून पाणी येतंय म्हणजे भोक बुजवायचं, असा शास्त्रशुद्ध विचार करून मी नळाची गळती बुजवतात ती दोन पुड्यांची लांबी मळली आणि भोकात अंगठ्याने दाबून बसवली. गळती बंद! दादासमोर मी चांगलाच भाव खाल्ला.

आठ दिवसांत इंजिनाचं तेल दुधाच्या चहासारखं झालं आणि रेडा बागेच्या मध्यावर बसला. दादाला गड्यांनी उचलून घरी आणलं. माझा भाऊ सहा फुटी माणूस आहे. त्याला तसं उचलून आणताना मी पाहिलं आणि मान खाली घातली.

टेम्पोत घालून रेडा मिस्त्रींकडे नेला. ते खाली वाकले, नखाने लांबी खरवडली.

“हे कोनी केलं?”

“आधीच्या मालकानं केलं असेल,” मी म्हणालो.

मिस्त्रींनी लांबीचा तो वाळका तुकडा तळहातावर घेतला. त्यावर स्वच्छ ठसा उमटला होता.

“सर, जरा अंगठा दावा बरं.”

मी दाखवला नाही. दाखवायची गरजही राहिली नव्हती.

“तुमी विज्ञान शिकवता ना?” ते हसत म्हणाले, पण लगेच मायेने समजावून सांगायला बसले. “पंपात दोन सील असत्यात. एक पानी आडवायला, एक तेल आडवायला. दोन्हीच्या मधी हे भोक कंपनीनं मुद्दाम ठिवलंय. पहिलं सील गेलं की पानी हितनं भाईर येतं. म्हंजी मालकाला कळतं. तुमी त्याचं तोंडच बांधलं. मग पानी जाईल कुठं? गेलं तेलात.”

पंधरा वर्षं वर्गात उभं राहून मी एवढं सोपं करून कधी काही शिकवलेलं नाही.

त्या सीलसाठी मी पुण्याला कंपनीच्या दुकानात फोन केला. तिथून उत्तर आलं, सील सुटं मिळत नाही, अख्खा पंप मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही. मिस्त्रींनी जुनं सील मोजलं, रुमालात बांधलं आणि एसटीने नगर गाठलं. दिवसभर दुकानं पालथी घालून संध्याकाळी त्याच मापाची दोन सील घेऊन आले.

“दोन कशाला? एकच गळतंय की,” मी म्हणालो.

“एक कामाला,” ते म्हणाले, “आन् एक माझ्या चुकीला.”

मला तो त्यांचा विनोद वाटला.

सील म्हणजे एक पांढरी, आरशासारखी गुळगुळीत कडी आणि तिच्यावर स्प्रिंगने टेकणारी काळी कडी. दोघींची तोंडं जुळली की पाणी अडलं. मधे धुळीचा कण किंवा बोटाचं तेल आलं तर संपलं. मिस्त्रींनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, कडी बसवली, पंप जोडला, इंजिन दोनदा धुऊन नवं तेल घातलं आणि रेड्याखाली पेपर पसरला.

दुसऱ्या दिवशी मी टेम्पो घेऊनच गेलो. दादाचे सकाळपासून तीन फोन झाले होते. मिस्त्री पेपर उन्हाकडे धरून उभे होते. त्यावर मुगाएवढा एक हिरवा डाग होता.

“एवढ्याशानं काय होतंय, मिस्त्री?” मी म्हणालो. “रोज वरून पाणी घालत जाऊ. दादा वाट बघतोय.”

त्यांनी पेपराची नीट घडी घातली. “सर, दादा शेवटच्या वळीला गेलं आन् तितं इंजिन तापलं, तर चालत येनार का माघारी?”

मी टेम्पो रिकामा परत पाठवला.

त्यांनी पंप पुन्हा उघडला. पांढऱ्या कडीवर पुसट तेलकट ठसा होता, त्यात अडकलेल्या कणाने केसाएवढी रेघ ओढलेली. मग त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. बोटं थरथरत होती.

“बोट माझंच लागलं. सा महिने झालं, हात हलतोय. घरात बोललो न्हाई, तुमाला बी न्हाई.” आणि किंचित हसून म्हणाले, “तुमी पंपाचं भोक बुजवलं सर, मी माझं.”

चाळीस वर्षं नाव कमावलेला माणूस, आणि गिऱ्हाइकासमोर स्वतःहून हात पुढे करतो. मी असतो तर दोष सीलवर ढकलला असता.

मिस्त्रींनी पत्र्याच्या भिंतीवर टकटक केली. “सूनबाई, मशीन ठिव आन् हात धुऊन ये.”

ती आली. तिशीची, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच. काय करायचंय ते ऐकून तिने पदर खोचला, पण पुढे येईना.

“मामा, मला काय येतंय त्यातलं?”

“बाही बसवती का न्हाई? चुनी पडू न देता? तशीच बसवायची. फकस्त उघडं बोट लावायचं न्हाई.”

तिने स्वच्छ मलमलीचा तुकडा आणला आणि दुसरं सील त्यात धरलं. मिस्त्री हात पाठीमागे बांधून उभे राहिले. “सरळ. आता दाब. दोन्हीकडनं सारखा.” कडी जागेवर बसल्याचा बारीकसा आवाज आला आणि मिस्त्रींनी डोळे मिटले. चहाच्या टपरीवरचे दोघे-तिघे गंमत बघायला जमले होते. त्यांच्याकडे वळून ते मोठ्याने म्हणाले, “बघितलं का? हात तिचा हाय!”

सकाळी कागद कोरा निघाला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, सुनेच्या हातात दिला, तिनेही पाहिला.

“काय म्हणतो?” मी विचारलं.

“कायबी न्हाई म्हनत,” मिस्त्री म्हणाले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

रेडा पोचवायला ते स्वतः वस्तीवर आले. दादा बसला, चावी फिरवली आणि डाळिंबांच्या ओळीत दिसेनासा झाला. वहिनींनी चहा आणला तरी मिस्त्रींनी कप हातात घेतला नाही. आवाज लांब गेला, वळला, जवळ आला, तेव्हा कुठे त्यांनी बशीत चहा ओतला. दादाने शेवटच्या ओळीतली दोन डाळिंबं तोडून आणली होती. ती त्यांच्या हातात देऊ लागला, तर म्हणाले, “माझ्या सुनंला द्या. काम तिनं केलंय.”

पुढची दोन वर्षं ते गॅरेजात खुर्ची टाकून बसायचे आणि सांगायचे. पाना-पक्कड सुनेच्या हातात असायची. ब्लाउज दुपारनंतर.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. मी दादाला म्हणालो, गाडी सांगतो. तो म्हणाला, “मी रेड्यावर येतो.” बागेच्या बाहेर त्याने रेडा कधी नेला नव्हता. त्या दिवशी कच्च्या वाटेने सहा किलोमीटर एकटा आला आणि शेडसमोर उभा राहिला. चाळीस गावची माणसं जमली होती, त्यांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली.

माती देऊन आम्ही परत आलो तेव्हा रेड्याखाली पेपर पसरलेला होता. एवढ्या रडारडीत सूनबाईने तो केव्हा सरकवला, कुणालाच कळलं नाही. दादा निघायला उठला तशी ती पुढे झाली. वाकून पेपर ओढला, उन्हाकडे धरला, उलटा करून पुन्हा धरला.

मग शेडमधल्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, “कायबी न्हाई म्हनत, मामा.”