सर्व्हिसिंग घरच्या माणसाकडे

माझ्या नव्या गाडीचं इंजिन बावीस हजार किलोमीटरवर बसलं. गाडी घेऊन दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. राहते नांदुऱ्याला आणि शाळा मोताळ्याच्या अंगाला, तीस-बत्तीस किलोमीटरवर. वीस वर्षं एसटी, काळीपिवळी जीप आणि गुरुजी मंडळींच्या मोटरसायकलची मागची सीट, एवढ्यावर नोकरी केली. मग गुढीपाडव्याला गाडी घेतली, स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या नावावर. त्यामुळे हे सगळं मी रागानंच सांगणार आहे, ते आधीच कबूल करून टाकते.

गाडी कुठली घ्यायची हा प्रश्न आमच्या घरी पडलाच नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, खामगावच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीला आहेत. गाडी आली की जॉबकार्ड लिहायचं, काम करून घ्यायचं आणि गाडी मालकाच्या ताब्यात द्यायची, हे त्यांचं काम. ते ज्या कंपनीत, ती आमची कंपनी. ताईचं लग्न झालं तेव्हा मी सातवीत होते. भाऊजींनी मला सायकल शिकवली ती कॅरिअर धरून, धावत धावत, नव्या जावयाची पांढरी पँट धुळीनं माखवून. चाळिशीत कार शिकवली तीही त्यांनीच, कापसाच्या जिनिंग मिलच्या मोकळ्या मैदानात. मी क्लच सोडताना गाडी उड्या मारायची आणि ते शेजारी बसून शांतपणे सुपारी कातरायचे. या माणसावर विश्वास ठेवायचा की नाही, असा विचार मनात येणंही मला पाप वाटलं असतं.

सर्व्हिसिंगचा आमचा क्रम ठरलेला होता. शनिवारी शाळा सकाळची असते. सुटली की तशीच खामगावला जायचं, किल्ली भाऊजींच्या हातात द्यायची आणि मागच्या गल्लीत ताईच्या घरी जेवायला. ताईच्या हातची ज्वारीची भाकर, वर मिरचीचा ठेचा आणि दोघींच्या माहेरच्या गप्पा. संध्याकाळी भाऊजी स्वतः गाडी दारात आणून लावत. गाडी धुतलेली, टायर काळेकुळकुळीत, आत कसलातरी गोड वास. बिल आणि कागद समोरच्या कप्प्यात ठेवलेले असत. ते मी कधी उघडून पाहिले नाहीत. एकदा माझ्या नवऱ्यानं विचारलं, बिल पाहिलंस का, काय काय बदललं? मी त्याच्यावर अशी काही उसळले की पुन्हा त्यानं तोंड उघडलं नाही. घरच्या माणसाचं बिल पाहत नसतात, असं मी त्याला सुनावलं होतं.

अठरा हजाराच्या आसपास इंजिनातून आवाज यायला लागला. सकाळी पहिल्यांदा चालू केली की खडखड, मग थोड्या वेळानं शांत. मी भाऊजींना फोन केला. ते म्हणाले, नवीन इंजिनं अशीच बोलतात, एसी कमी लाव. वीस हजाराची सर्व्हिसिंग झाली तेव्हाही मी आठवण केली, तेव्हाही तेच. दरम्यान मोबाइलवर या गाडीच्या मालकांचा एक ग्रुप होता, त्यात मी सामील झाले. तिथं तर रोजचंच रडगाणं होतं. कुणाचं इंजिन सतरा हजारावर गेलेलं, कुणाचं पंचवीसवर. कंपनी म्हणते, तुम्ही ऑइल वेळेवर बदललं नाही. मालक म्हणतात, बदललं, हे घ्या बिल. माणसं आपापल्या गाड्यांचे आवाज रेकॉर्ड करून टाकत आणि बाकीचे ते ऐकून ‘माझीही अशीच वाजते’ म्हणून आणखी घाबरत. मीही घाबरले होते. तरी तिथं मी ऐटीत लिहिलं होतं की आमचा घरचाच माणूस सर्व्हिस सेंटरला आहे, आम्हाला ऑइलची काळजी नाही. त्यावर एकवीस जणांनी अंगठा दिला होता.

श्रावणात एका सकाळी शाळेच्या वाटेवर स्टिअरिंगसमोर ऑइलचा लाल दिवा लागला. मी लगेच गाडी बाजूला घेतली. पन्नास पावलंसुद्धा पुढे नेली नसेल. पण बंद करायच्या आधीच आतून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला आणि इंजिन जागच्या जागी थांबलं. पुन्हा चालू होईना. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी कपाशीची पऱ्हाटी आणि मध्ये मी, हातात पर्स आणि डब्याची पिशवी. मला रडू आलं, पण आधी मी भाऊजींना फोन केला. त्यांनी टोचन लावायला गाडी पाठवली आणि म्हणाले, "तू काई टेन्शन घेऊ नको. वॉरंटी हाय, मी हाओ."

तीन आठवडे मी त्या ‘मी हाओ’वर काढले. पुन्हा काळीपिवळीनं शाळेत जाऊ लागले. बायका विचारत, गाडी कुठं गेली मॅडम? मी हसून सांगायची, माहेरी गेली. मग कंपनीचं उत्तर आलं की इंजिन वॉरंटीत बसत नाही. कारण काय, तर लाल दिवा लागल्यावरही मालकानं गाडी बरंच अंतर चालवली. हे कुणी सांगितलं म्हणून मी जॉबकार्डाची प्रत मागवली. त्यावर ते वाक्य होतं, आणि अक्षर भाऊजींचं होतं. ते अक्षर मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार! माझ्या लग्नाच्या पत्रिकांवरचे पत्ते त्याच अक्षरात होते.

 आधी वाटलं, चुकून लिहिलं असेल. फोनवर मी घाबरलेली होते, त्यांना नीट ऐकू आलं नसेल. मी त्यांना फोन लावला. ते म्हणाले, असं लिहावं लागते बाई, ते ऑफिसचं असते, तू त्यात पडू नको. मी म्हटलं, मग मी कंपनीला सांगते की माणूस पाठवा आणि माझ्यासमोर इंजिन उघडा.  मग ते म्हणाले, "काऊन वाढवून राह्यली? घरच्या घरी मिटवू ना." त्या ‘घरच्या घरी’नं माझं डोकं फिरलं. मी त्याच दिवशी अर्ज केला.

नागपूरहून कंपनीचा तपासणी करणारा माणूस आला. चष्मा, मितभाषी, हातात छोटी वही. मी रजा टाकून गेले. भाऊजी कोपऱ्यात उभे होते. मला पाहून मान हलवली, पण जेवलीस का, हे त्यांचं नेहमीचं विचारणं नव्हतं. मेकॅनिकनं इंजिनाचं वरचं झाकण काढलं आणि आतलं ऑइल पाहून मलाही कळलं की काहीतरी भयंकर आहे. ते ऑइल नव्हतंच, चुलीवर जास्त आटलेल्या गुळासारखा काळा घट्ट लगदा होता. तपासणीवाले म्हणाले, हे ऑइल दोन महिन्यांपूर्वी बदललेलं असूच शकत नाही. भाऊजी तत्काळ म्हणाले, भेसळीचं पेट्रोल भरलं असेल मॅडमनी. आयुष्यात पहिल्यांदा ते मला मॅडम म्हणाले.

मग मेकॅनिकनं फिरवून फिरवून ऑइलचा फिल्टर काढला. मुठीएवढा पत्र्याचा डबा. त्यानं तो टेबलावर ठेवला आणि मी पाहतच राहिले. त्याच्या कडेला केशरी बोट उमटलेलं होतं. माझं बोट.

आमच्या माहेरी दसऱ्याला लोखंडाला कुंकू लावत नाहीत, तेलात कालवलेला शेंदूर लावतात. विळ्याला, कुऱ्हाडीला, शिलाई मशीनला, सगळ्याला. गाडी आल्यावरच्या पहिल्या दसऱ्याला ताई-भाऊजी आमच्याकडे होते. मी शेंदराची वाटी घेऊन बॉनेटसमोर उभी राहिले, तर आत सगळं काळ्या प्लास्टिकखाली झाकलेलं. मी विचारलं, भाऊजी, खरं लोखंड कुठं आहे? ते हसले, बाह्या वर केल्या आणि हात खाली घालून मला तो फिल्टर दाखवला. म्हणाले, हे गाडीचं मूत्रपिंड, इथं लाव, गाडी तुह्यावर खूश राहील. मी वाकून टिळा लावला. मग आम्ही सगळ्यांनी सोनं वाटलं आणि श्रीखंड-पुरी खाल्ली. त्या दसऱ्यानंतर गाडीच्या दोन सर्व्हिसिंग झाल्या होत्या, आणि दोन्ही बिलांत नवा फिल्टर लिहिलेला होता. बिलं मी आता पाहिली होती.

मी हे सगळं तपासणीवाल्यांना सांगितलं. मी एकेक गोष्ट नीट सांगितली, वर्गात सांगते तशी. तो टिळा लावायची जागा यांनीच दाखवली, हेही सांगितलं. ते भाऊजींकडे वळले आणि विचारलं, हे खरं का? त्या क्षणापर्यंत, देवाशपथ सांगते, मला वाटत होतं की हा माणूस आता खाली मान घालेल. एवढंच मला हवं होतं.

भाऊजी माझ्याकडे न पाहता म्हणाले, "टिळा काय साहेब, कवाही लावता येते. गाडी इथं यायच्या आंधी घरी लावला असंन."

म्हणजे मी देवाच्या शेंदरानं खोटा पुरावा तयार केला, असं ते माझ्यासमोर म्हणत होते. इंजिन बसलं तेव्हा मला रडू आलं होतं, आता आलं नाही. मागं वळून पाहावं आणि सायकलचं कॅरिअर धरून धावणारा माणूस तिथं नसावाच, तसं झालं मला. सायकल चालत होती म्हणून पडले नाही एवढंच.

 तपासणीवाल्यांनी फडक्यानं फिल्टरचा तळ पुसला, चष्मा कपाळावर सारला आणि तिथं छापलेला आकडा वहीत उतरवून घेतला. मग मला समजावून सांगितलं की प्रत्येक फिल्टरवर तो कुठल्या महिन्यात बनला ते असतं. हा फिल्टर माझी गाडी कारखान्यातून निघाली त्याच महिन्यातला होता. म्हणजे गाडीबरोबर आलेला, पहिलाच. शेंदराची गरजच नव्हती. खोटं बोलायचीही गरज नव्हती, तरी ते बोलून झालं होतं.

कंपनीनं इंजिन बदलून द्यायचं मान्य केलं. भाऊजींची नोकरी गेली नाही, ताकीद मिळाली. ताईचा फोन आला. मला वाटलं, ती तरी विचारेल की तुला काय वाटलं असेल. ती म्हणाली, "त्याईचं चार माणसांत नाक कापलं तू. इंजिन काय, कसंही झालं असतं." मी विचारलं, टिळा लावताना तूही तिथंच होतीस ना? तर म्हणाली, मले आठवत नाई. माझी बहीण एकेका लग्नातल्या साडीचा काठ सांगू शकते. मी फोन ठेवला. शनिवारची ती भाकर माझ्यापुरती संपली होती आणि त्याचं दुःख इंजिनापेक्षा कितीतरी मोठं होतं. अजूनही आहे.

महिनाभरानं गाडी तयार असल्याचा निरोप आला. नवरा म्हणाला, मी घेऊन येतो, तू नको जाऊस. मी म्हटलं, गाडी माझ्या नावावर आहे. खामगावला उतरले आणि सरळ सर्व्हिस सेंटरला गेले. ताबा द्यायला नेमके भाऊजीच होते. त्यांनी कागद पुढं केले, पेन दिलं. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. आम्ही दोघंच होतो. मी सही न करता विचारलं, भाऊजी, एकच सांगा. इतक्या गाड्या तुमच्या हाताखालून जातात, मग माझीच काऊन?

ते समोरचे कागद सारखे करत राहिले. मग खरं बोलले. खोटं बोलायला काही उरलं नव्हतं म्हणून बोलले असतील.

"शनिवारी गाड्यांची गर्दी राह्यते, बाई. संध्याकाळलोक सगळ्या द्यायच्या असतात. बाहेरचं गिऱ्हाईक काचेतून पाहत उभं राह्यते, जुना फिल्टर हातात मागते. त्याईच्या गाडीचं करावंच लागे. तुह्या गाडीचं मले टेन्शन नव्हतं. तू कवाच काई मागितलं नाई." मग म्हणाले, "वाटलं, पुढच्या टायमाले करू."

मी न मागणं हा त्यांचा मान समजत होते. म्हणजे मी परकी असते तर माझं इंजिन आज धडधाकट असतं. हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मला रागवायलाही जागा ठेवली नाही. त्यांना माफी मागायची होती की नाही, मला कळलं नाही. त्यांनी मागितली नाही.

मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "आजपासून मी बाहेरचं गिऱ्हाईक. बॉनेट उघडा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले, बॉनेट उघडलं, ऑइल मोजायची काडी बाहेर ओढली, फडक्यानं पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा काढली आणि माझ्यासमोर धरली.  मी पर्समधून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, वाकले आणि ऑइल कुठल्या खुणेपर्यंत आहे ते नीट पाहिलं. घाई केली नाही. मग म्हटलं, फिल्टर दाखवा.