अमावास्येचं तिकीट

झाशीच्या नगरा भागात राहणारे माझे विद्याधरकाका निवृत्त इंजिनिअर. आजारी अनुसूयाकाकूंना समुद्र दाखवायचा म्हणून त्यांनी सिंगापूरहून सुटणारी क्रूझ ठरवली आणि बारा वर्षं साठवलेल्या एअर माइल्सवर तिथवरची विमानाची तिकिटं स्वतःच बुक केली. जहाज सुटायच्या आदल्या दिवशी पोचायचं होतं, पण घरून निघायच्या दिवशी अमावास्या आली. काकांनी तिकीट एक दिवस पुढे ढकललं. दिल्लीत धुक्यामुळे विमान नऊ तास अडकलं. ते पोचले तेव्हा जहाज निघून गेलं होतं. काकू रिकाम्या धक्क्यावर बसून म्हणाल्या, "दिसला की समुद्र."

होळीआधी काकू गेल्या. परवा मी काकांच्या घरून निघाले, तर काका कॅलेंडर बघून म्हणाले, "आज अमावास्या आहे, उद्या जा."

मी बॅग उचलली आणि निघाले.