मावशीचे अडतीस पंप

माझी मावशी नगरपालिकेत फिटर आहे. आमच्या शहरात रस्त्यांच्या कडेला अडतीस ठिकाणी सायकलवाल्यांसाठी पंप बसवले होते. एक लोखंडी खांब, त्याला घट्ट बसवलेला हातपंप, पंपाची रबरी नळी आणि शेजारी तारेला लटकवलेले नट आवळायचे दोन-चार पाने. या सगळ्यांची देखभाल एकट्या मावशीकडे. सकाळी सायकलच्या मागे हत्यारांची पेटी बांधून ती निघायची, चार-पाच पंप दुरुस्त करून यायची, आणि पंधरा दिवसांत तेच पंप पुन्हा बंद पडायचे.

माझी आई टपाल वाटते, तेही सायकलवरून. एके दिवशी तिच्या मागच्या चाकातली हवा गेली आणि वाटेतले तिन्ही पंप बंद निघाले. टपालाची पिशवी खांद्यावर घेऊन, सायकल ढकलत ती दुपारी घरी आली आणि मावशीवर उखडली.

"तुझ्या पंपापेक्षा मी तोंडाने फुंकर मारली असती ना, तर चाक लवकर फुगलं असतं!"

मी खो-खो हसले. मावशी हसली नाही.

त्याच आठवड्यात कार्यालयात कागद फिरला. लोक पंपांची मोडतोड करतात, सबब सर्व पंप टप्प्याटप्प्याने काढून टाकावेत. मावशी तडक अभियंता साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, लोक मोडतात हे पाहिलं कुणी?"

"पाहायला कशाला हवं? वर्षभरात पन्नासच्या वर नळ्या बदलल्यात तुम्ही. आपोआप तुटल्या का?"

मावशी बाहेर आली. तिने हक्काची चार दिवसांची रजा टाकली आणि स्टेशनसमोरच्या बाकावर जाऊन बसली. तिथला पंप सगळ्यात जास्त वेळा बंद पडायचा. पाण्याची बाटली, छत्री आणि माझी एक जुनी वही, एवढंच सोबत. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पंपावर येणाऱ्या प्रत्येकाची ती नोंद करायची. चार दिवसांत दोनशे त्रेसष्ट माणसं आली. मोडतोड एकानेही केली नाही. एका आजोबांनी तर हवा भरून झाल्यावर रुमालाने दांडा पुसून ठेवला.

पण तिला दुसरंच काहीतरी दिसलं. पंपाच्या एका बाजूला कठडा होता, दुसऱ्या बाजूला फुलझाडांचा वाफा. पुढचं चाक नळीपर्यंत पोचायचं, मागचं पोचायचं नाही. मग प्रत्येक जण नळी ताणायचा. कुणी गुडघ्यात धरून, कुणी पायाखाली दाबून.

घरी आल्यावर मावशीने फाटक्या नळ्यांचं पोतं स्वयंपाकघराच्या फरशीवर रिकामं केलं. ती काही टाकून देत नाही. आम्ही दोघींनी एकेक नळी हातात घेऊन पाहिली. एक्कावन्नपैकी चव्वेचाळीस नळ्या एकाच जागी चिरल्या होत्या, पंपाला जोडतात तिथे, अगदी बुडाशी.

"लोकांच्या माथी फुकट खापर फोडलं," ती म्हणाली आणि पोतं पुन्हा बांधलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "लांब नळी जमिनीवर लोळेल. शिवाय लांबी आराखड्यात ठरलेली आहे."

"आराखडा काढणाऱ्याने मागच्या चाकात हवा भरून पाहिली होती का?"

साहेब समोरचे कागद चाळू लागले.

"मग तुम्ही चला ना. माझ्या सायकलच्या मागच्या चाकातली हवा सोडूनच आणलीय."

स्टेशनसमोरच्या पंपावर आले बिचारे. इस्त्रीच्या कपड्यांत त्यांनी सायकल आधी सरळ लावली, मग आडवी, मग उलटी, तर कॅरिअर कठड्याला अडलं. नळी चाकाला लावली की सुटायची आणि फुस्स करून हवा बाहेर. शेवटी घामाघूम होऊन त्यांनी डाव्या हाताने नळी जीव खाऊन ओढली.

"साहेब," मावशी शांतपणे म्हणाली, "आत्ता मोडतोड कोण करतंय?"

हवा भरायला थांबलेली माणसं हसली. साहेबांचे कान लाल झाले. पण मोठ्या मनाचा माणूस. क्षणभराने तेही हसले. "तीन पंप घ्या. तीन महिने. टिकले तर बोलू."

मावशीने हातभर जास्त लांब नळ्या लावल्या, बुडाशी फिरता पितळी सांधा बसवला आणि नळी अडकवायला आकडा ठोकला. पाचव्या आठवड्यात त्यातला एक पंप अडकला. उघडून पाहिला तर आत वाळू. आकडा फार खाली ठोकला गेला होता, नळीचं तोंड चिखलात टेकत होतं. तिने तसा अहवाल स्वतःच लिहायला घेतला.

"अगं, कशाला आपणहून सांगतेस?" आई म्हणाली. "तीन महिने पुरे होऊ दे की."

"चूक माझी आहे. लपवली तर उद्या सगळ्या पंपांना खालीच आकडे लागतील."

आकडा छातीएवढ्या उंचीवर गेला, नळीच्या तोंडाला रबरी टोपण आलं. तीन महिन्यांनी तिन्ही पंप चालू होते. साहेबांनी जुना हुकूम मागे घेतला आणि उरलेल्या पंपांना तशाच नळ्या लावायला सांगितलं. मात्र तोवर सात पंप उपटून गोदामात गेले होते.

ते सात परत आणायचेच, असं मावशीने मनावर घेतलं. प्रत्येक जागेसाठी वेगळा अर्ज. 'गरज तपासून कळवू' असं उत्तर आलं की ती त्या जागी उभी राहून सायकली मोजायची आणि ती संख्या जोडून अर्ज पुन्हा टाकायची. दोन वर्षांत चार पंप परत आले. तीन अजून यायचेत. तिथे जमिनीतून नुसते चार-चार बोल्ट वर आलेले आहेत. दर महिन्याला मावशी तिथे जाते, बोल्ट घासते, ग्रीस लावते, वर प्लास्टिक गुंडाळते.

गेल्या महिन्यात मी सोबत होते. एक बाई सायकल थांबवून म्हणाल्या, "अहो, इथे तर काहीच नाही. दुरुस्त काय करताय?"

"पंप बसायचाय," मावशी मान वर न करता म्हणाली. "बोल्ट गंजले तर बसवणार कसा? जरा तो पाना देता का?"

बाईंनी सायकल स्टँडवर लावली आणि पाना दिला.