बेटावर हळू बोलताना

आमच्या घरात कुजबुज होत नाही. होऊच शकत नाही. ह्यांची सगळी नोकरी चाकणच्या एका कारखान्यात गेली, पत्र्यातून गाडीचे दरवाजे दाबून काढणाऱ्या यंत्रांपाशी, आणि निवृत्त होईपर्यंत कान जवळजवळ कामातून गेले. कानात घालायला बोळे मिळायचे. पण बोळे घातले की मशीन बिघडायला लागल्याचं आवाजावरून कळत नाही, म्हणून तिथे कोणी घालायचं नाही. मी शाळेत शिकवायचे, त्यामुळे ओरडण्यात मीही कमी नाही. आमच्याकडे आज कुठली भाजी आहे हे आमच्या मोशीच्या सोसायटीत वॉचमनलाही माहीत असतं.

ओरडून बोलण्यात एक अडचण आहे. ओरडून फक्त कामाचं बोलता येतं. दूध आणा, दार लावा, पाणी गेलंय. "आज उगीच उदास वाटतंय" हे काही बेंबीच्या देठापासून ओरडून सांगता येत नाही. त्यामुळे आमचं बोलणं कामापुरतंच उरलं. त्यात ह्यांची एक सवय अशी की ऐकू आलं नाही तरी मान हलवायची. "आपण चंद्रावर राहायला जातोय" म्हटलं तरी मान हलणार. डॉक्टरांनी दिलेलं कानातलं मशीन कपाटात पडून होतं.

"त्यात नुसता खडखडाट येतो. पुन्हा शिफ्टला गेल्यावानी वाटतं," हे म्हणायचे.

मला चिडचिड व्हायची, आणि चिडचिडीच्या खाली भीती असायची. पुढची सगळी वर्षं ह्या माणसासोबत काढायची, आणि ती अशी, मुक्यानं?

अशातच लेकीनं आमची जहाजाची सहल ठरवली. ग्रीसच्या बेटांची. मी म्हटलं, मला जहाज नको, बोलायला माणूस हवंय. पण तिनं आधीच तिकिटं काढली होती, आणि फुकट गेलेलं तिकीट मला बघवत नाही.

जहाज म्हणजे तरंगती सोसायटीच. सतत घोषणा, गाणी, ताटल्यांचे आवाज. ह्यांनी सगळ्यांना बघून मान हलवण्याचा सपाटा लावला. दोन गोऱ्या म्हाताऱ्यांशी तर त्यांची दोस्तीही झाली. ते इंग्रजीत बोलायचे, हे मान हलवायचे, तिघेही खूश.

एका सकाळी छोट्या बोटीतून आम्हाला एका बेटावर उतरवलं. तिथे वस्ती नाही. पडके खांब, छप्पर नसलेल्या घरांच्या भिंती, वाळलेलं गवत आणि ऊन खात बसलेले सरडे. गाइड बाईनं प्रत्येकाला तिचं बोलणं ऐकायला कानात घालायचं एक यंत्र दिलं. ह्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि खिशात टाकलं.

शेवटी आम्ही डोंगराच्या उतारावर बांधलेल्या जुन्या नाट्यगृहाशी आलो. अर्ध्या चाळणीसारखा आकार, वरपर्यंत चढत गेलेल्या दगडी पायऱ्या. बाईनं आम्हाला वर बसवलं, स्वतः खाली मधोमध उभी राहिली आणि एक कागद फाडला. तो फाटल्याचा आवाज वर लख्ख ऐकू आला. टाळ्या झाल्या, फोटो झाले, मंडळी सावली शोधत पांगली. हे मात्र वरच्या पायरीवर बसून राहिले. गुडघे.

मी खाली उतरले होते. त्या मधल्या दगडावर उभी राहिले आणि सहज, नेहमीपेक्षा कितीतरी हळू म्हटलं, "गोळी घेतली का?"

ह्यांनी मान हलवली.

झालं. तीच मान. इतक्या लांब येऊन तीच मान. माझा धीरच सुटला. ओरडायचंही जिवावर आलं. आजूबाजूला मराठी कळणारं कोणी नव्हतं, आणि ह्यांना ऐकू येत नाही अशी माझी खात्रीच. म्हणून मनात होतं ते बोलून टाकलं, स्वतःशी बोलावं तसं. "तुमच्या ह्या कानांच्या जिवावर आपलं घर उभं राहिलं. लेक शिकली. मी कधी बोलले नाही, पण मला ते रोज दिसतं. आता मात्र घरात फार एकटं वाटतं हो."

हे उठले. एकेका पायरीवर हात टेकत खाली यायला लागले. मला वाटलं, निघायची वेळ झाली म्हणून येतायत. जवळ येऊन उभे राहिले, धाप लागली होती.

"गोळी घेतली," ते म्हणाले. मग, कधी नव्हे ते हळू आवाजात, "आणि मलाबी लई एकटं वाटतं गं."

मी तिथेच मटकन बसले आणि रडले. शेजारून जाणाऱ्या एका बाईनं मला ऊन लागलं समजून पाण्याची बाटली दिली. आम्ही दोघं ते पाणी प्यायलो. हजारो वर्षांपूर्वी तो डोंगर कोरून पायऱ्या बसवणाऱ्या गवंड्यांना, पाणी देणाऱ्या त्या बाईला आणि माझं न ऐकणाऱ्या लेकीला मी मनातल्या मनात हात जोडले. आजही जोडते.

ह्यांचे कान काही बरे झाले नाहीत. पण गोंगाट नसला तर माझा आवाज पोचतो, एवढं त्यांना तिथे कळलं. आणि मोशीत गोंगाटाला काय तोटा? खाली दुचाक्या, पलीकडे बांधकाम, रस्त्यावर चाकणकडे जाणारे कंटेनर.

यंदा मे महिन्यात, अंगाची लाहीलाही होत असताना, एका संध्याकाळी हे आपणहून उठले. बाल्कनीचं दार लावलं, खिडक्या लावल्या, टीव्ही बंद केला. मग वर बघून क्षणभर विचार केला आणि पंखाही बंद केला. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"बोल आता," ते म्हणाले.