उंच गळ्याचे बूट

चौकातल्या सलूनच्या मालकाने पन्नाशी ओलांडली, तरी गल्लीत त्याला सगळे 'हिरो' म्हणूनच ओळखायचे. दिवसभर उभं राहून दुसऱ्यांची डोकी सजवायची आणि स्वतः गबाळं दिसायचं, हे त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. बायको इस्पितळात नर्स. तिच्या जाड तळव्याच्या पांढऱ्या बुटांना तो 'होड्या' म्हणायचा आणि ती ते घालून निघाली की रस्त्यात दोन पावलं पुढे चालायचा.

एके दिवशी त्याने जुन्या काळच्या बास्केटबॉल खेळाडूंच्या धर्तीचे, घोट्याच्या वर येणारे लाल-पांढरे बूट आणले. बास्केटबॉलशी त्याचा संबंध शाळेत एकदाच आला होता, तोही नाकाच्या वाटेने. पण बूट चढले आणि आरशातला माणूस एकदम तरणाबांड झाला. बायकोने तळवा दाबून पाहिला, ही तर फळी आहे म्हणाली. हौसेला मोल नसतं, असं तिला ऐकवून तो कामावर गेला.

गिऱ्हाइकांनी तोंडभर कौतुक केलं. दुपारपासून टाचेत कळ येऊ लागली. आठवडाभरात हिरो बगळ्यासारखा कधी या पायावर, कधी त्या पायावर उभा राहून कात्री चालवू लागला. अशाच एका तोल सांभाळण्यात एकाचा डावा कल्ला फार वर गेला. त्याने उजवाही तेवढाच वर नेला आणि हल्ली असंच ठेवतात म्हणून सांगितलं. घरी विचारलं तर बूट म्हणजे लोणी आहे लोणी, हेच उत्तर.

एका सकाळी बायको आंघोळीला गेलेली पाहून त्याने हळूच होड्यांत पाय घातले. पाय बरोबर बसले. कोणीतरी टाचेखाली उशी सरकवावी तसं वाटलं आणि डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा ती केस पुसत समोर उभी होती.

"मी काय अनवाणी जाऊ कामावर?"

"तुझं माप बघत होतो. म्हटलं वाढदिवसाला नवे आणावेत."

"आण की. आणि आणलेस की तूच घाल."

त्याने आणले, अगदी तसेच. पहिल्या दिवशी खुर्चीत बसेल त्याला तो न विचारताच सांगत होता, डॉक्टर ऐकतच नाहीत, काय करणार. एवढ्यात वडिलांबरोबर आलेली एक कॉलेजातली मुलगी बुटांकडे टक लावून म्हणाली, "काका, हे कुठे मिळाले? सध्या हेच चालतात."

हिरो आरशात बघून म्हणाला, "आमच्या घरी पहिल्यापासून हेच वापरतात." त्यानंतर डॉक्टरांचं नाव त्याच्या तोंडून निघालं नाही.

लाल-पांढरे बूट मेहुण्याला गेले. मेहुणा तिकीटखिडकीत दिवसभर बसून असतो. इतके आरामशीर बूट आपण जन्मात घातले नव्हते, असं तो येईल-जाईल त्याला सांगतो. शेजारी असला की हिरो गंभीरपणे मान डोलावतो.